कर्जाचं नवं-जुनं

सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात होतं. त्या वर्षी १२ मे रोजी, भर बाजाराच्या दिवशी, सुप्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. धान्य लुटलं गेलं, आगी लागल्या. पण लोकांचा खरा रोख होता तो कागदांवर. खतं, कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या हुडकून हुडकून त्यांची होळी केली. ज्या सावकारानं कागद मुकाट्यानं हवाली केले, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. हे लोण पुढं नगर जिल्ह्यात गेलं आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून जास्त गावं पेटली.

पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. मी शिरूर तालुक्यातला, गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा सचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस. कर्ज देणं, ते वसूल करणं आणि त्याची किर्द-खतावणी लिहिणं यातच नोकरी सरली. त्यामुळे या दंग्यांविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा, किती घरं जळाली यापेक्षा जळालेल्या कागदांवर काय लिहिलं होतं, हेच मला आधी हवं होतं. शोधत गेलो तेव्हा कळलं की त्यातली कित्येक खतं नव्या कर्जाची नव्हतीच. जुन्याच कर्जाची ती नवी खतं होती.

ही नव्या खतांची रीत कायद्याच्या आधारानं वाढली. १८५९ साली इंग्रज सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावर दावा लावायचा तर तीन वर्षांच्या आत लावायचा, त्यानंतर खत बाद. हेतू वाईट नव्हता, व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये एवढीच त्यामागची इच्छा. पण सावकार लोक कायदा वाचण्यात इंग्रजांच्या पुढं. तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलावणं जायचं. उरलेलं मुद्दल आणि थकलेलं व्याज यांची बेरीज व्हायची, ती सगळी रक्कम नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिली जायची, आणि त्यावर नव्यानं व्याज सुरू. कुळाचा अंगठा पडला की जुनं खत फिटलं, नवं उभं राहिलं. पैसा मात्र त्या दिवशी ना घरात आला ना घरातून गेला.

हिशेब करून बघा. शंभर रुपयांचं कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, आणि शेतकऱ्यानं मध्ये काहीच परत केलं नाही असं धरा. तीन वर्षांचं व्याज ७२ रुपये, म्हणजे नवं खत १७२ रुपयांचं. पुढच्या तीन वर्षांनी २९६ रुपयांचं. त्यापुढच्या तीन वर्षांनी ५०९. खत न बदलता तेच साधं व्याज चालू राहिलं असतं तर नऊ वर्षांनी ३१६ झाले असते. आणि दामदुपटीचा नियम लावला असता तर सावकाराला दोनशेच्या वर एक पैसा मागता आला नसता.

दामदुपट आपल्याकडचा जुना नियम. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असं धर्मशास्त्र सांगतं आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयंही ते मानत. पण व्याज मुद्दलात मिळवून नवं खत झालं की दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगासमोर एक प्रकरण असं आलं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज आकारलं गेलं होतं. शिवाय कर्ज देतानाच कापून घेतली जाणारी मनोती वेगळी. म्हणजे खतावर शंभर लिहायचे आणि हातावर कमी ठेवायचे. भरलेल्या पैशाची पावती मागितली तर मिळायची नाही, वही दाखवा म्हटलं तर दाखवायचे नाहीत.

सावकारी वाईट असं म्हणून हा विषय संपत नाही. कर्जाशिवाय या मुलखात कुणाचंच चाललेलं नाही. पहिल्या बाजीरावासारखा पेशवा आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्यानं हैराण झाल्याचं सांगतो, तिथं कोरडवाहू शेतकऱ्याची काय कथा. आणि दंग्यांच्या आधी दहा-बारा वर्षं तर पैसा मागावा लागत नव्हता, तो दारात चालून येत होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडं कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस लावलेल्या एकराला शंभर शंभर रुपये आगाऊ मिळू लागले. कुणाची ऐपत किती, याची चौकशी करायला सावकाराला सवड नव्हती. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमाराला सरकारनं जमिनीची नवी आकारणी करून शेतसारा कुठं दीडपट, कुठं दुपटीपर्यंत नेला. सारा भरायला पैसा हवा होता, आणि नेमकं तेव्हाच सावकारानं हात आखडला. नवं देणं बंद झालं, जुन्याची नवी खतं तेवढी होत राहिली.

ठिणगी पडली ती आमच्या तालुक्यात. डिसेंबर १८७४ मध्ये करडे गावी काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर लिलावात घेतलं. रक्कम दीडशे रुपयांच्या आसपासची. देशमुखांनी गाव एक केलं. सावकाराचं शेत कुणी करायचं नाही, पाणी कुणी भरायचं नाही, न्हाव्यानं त्याच्या दाढीला वस्तरा लावायचा नाही. सुप्याच्या आधी पाच महिने हे झालं, आणि त्यात एक काडीही पेटली नव्हती. आज करड्यावरून रांजणगावच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या पोरांना ही गोष्ट ठाऊक नसते. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात सुपे आहे, पण करड्याचा उल्लेख असलाच तर एखाद्या ओळीचा.

आयोगाचा अहवाल आला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता, पुढं साऱ्या इलाख्याला लागू केला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायची सोय त्यानं बंद केली. प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि मागितलं तर पासबुक, हे सगळं कुळाचा हक्क म्हणून त्यात लिहिलं. मला स्वतःला या कायद्यातलं बारावं कलम फार मोठं वाटतं. दावा आला की न्यायाधीशानं समोर ठेवलेल्या खतावर विसंबून राहायचं नाही, तर व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपासूनचा इतिहास तपासायचा. आज पाचशेचं खत दिसतंय, पण मुळात हातात पडले किती? कधी? मधे किती भरले? आणि तेराव्या कलमानं सांगितलं की हिशेब मांडताना मुद्दल आणि व्याज वेगवेगळं ठेवायचं, मागच्या खतात व्याजाचं मुद्दल करून घेतलेलं असलं तरी ते मुद्दलात धरायचं नाही. नऊ वर्षांत तीन खतं झाली तरी न्यायालय पहिल्या शंभरापर्यंत मागं जाऊ शकत होतं.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या आयुष्यातली बरीच वर्षं या कायद्याखालच्या कामात गेली. आधी विशेष न्यायाधीशांचे सहायक आणि मग स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून ते गावोगावच्या न्यायालयांचं काम तपासत फिरले. त्यांच्याविषयी लिहिताना लोक प्रार्थना समाज आणि सार्वजनिक सभेवर पानंच्या पानं लिहितात, हे काम दोन ओळींत उरकतात. हजारो खतांचे मूळ आकडे उकरून काढण्याचं हे काम कंटाळवाणंच असणार, पण शेतकऱ्याला त्यातूनच काही मिळालं.

कायद्याला सावकारांनी उत्तरही शोधलं. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचं, पैसे फेडलेस की जमीन परत देतो असं तोंडी सांगायचं. हा प्रकार माझ्या नोकरीतही संपलेला नव्हता.

सावकाराला पर्याय म्हणून पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांची बँक काढायचा बेत १८८० च्या दशकात ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी आखला होता. हिंदुस्थान सरकारनं तो उचलून धरला, लंडननं नाकारला. तिकडं बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली, तीही कुठल्या कायद्याची वाट न बघता. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायला १९०४ उजाडलं. पुढची पन्नास वर्षं हे रोपटं जगलं एवढंच. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला समितीच्या, म्हणजे ज्यात धनंजयराव गाडगीळ होते त्या समितीच्या अहवालात आकडा आला, की शेतकरी घेत असलेल्या शंभर रुपये कर्जातले सोसायट्यांचे जेमतेम तीन, आणि सावकारांचे सत्तरच्या घरात. गावोगावी सोसायट्या उभ्या करायचा जोर त्यानंतरचा. आमची सोसायटीही त्याच लाटेतली.

सोसायटीत पत ठरायची ती पंचांच्या बैठकीत. कमाल मर्यादा पत्रक तयार व्हायचं. पीक कुठलं, एकर किती, त्या पिकाला एकरी कर्ज किती, शेअर्स किती, आधीची बाकी किती. हे कागदावर. कागदाबाहेर पंचांना सगळं माहीत असायचं. कुणाचा बोअर आटलाय, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कोण उसाचं बिल आलं की पहिल्यांदा सोसायटीत येतो आणि कोण गाडी घ्यायला जातो. या माहितीत न्याय होता तसा अन्यायही होता. अध्यक्षाच्या भावकीतल्या माणसाची पत जरा लवकर वाढायची आणि वस्तीवरच्या माणसाची चौकशी जरा जास्त व्हायची. त्या पद्धतीच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही.

आणि मार्च आला की नवं-जुनं. पीककर्ज वर्षाचं. ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत, तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला आपल्या राज्यात पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेमुळं शेतकऱ्याला शून्य टक्के पडतं. मुदत चुकली की सवलत गेली, नाव थकबाकीदारांत, पुढचं कर्ज बंद. आता पैसे पिकातून आले असतील तर प्रश्नच नाही. पण कांद्याचे भाव पडले, किंवा कारखान्यानं बिल लांबवलं, तर? मग शेतकरी कुठून तरी चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलतो. आडत्याकडून, पतसंस्थेतून सोनं ठेवून, पाव्हण्याकडून, नाहीतर गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराकडून. ते सोसायटीत भरतो, कर्ज 'बेबाक' होतं, लगेच नव्या हंगामाचं कर्ज मंजूर होतं, ते उचलतो आणि ज्याचं त्याला नेऊन देतो. चार दिवसांच्या पैशाला शेकडा दोन, तीन, कधी पाच रुपयेही द्यावे लागत. वर्षाच्या दरात मांडा ते. सुप्याच्या सावकारालाही लाज वाटेल.

कागदावर हे सगळं उजळ दिसतं. वसुलीचा टक्का वर, ऑडिटचा वर्ग चांगला, जिल्हा बँकेचे साहेब खूश. एकाच शेतकऱ्याच्या नावावर ओळीनं पाच वर्षं वेळेत फेड. त्याच्या घरात मात्र तेच मुद्दल पाच वर्षं जिथल्या तिथं, वर दरसाल चार दिवसांचं व्याज. आमच्या वहीत बारावं कलम नव्हतं. मागचं कर्ज कशातून फिटलं, हे विचारायला रकानाच नाही.

याचा खरा फटका बसला कर्जमाफीच्या वेळी. २०१७ च्या आणि २०१९ च्या राज्य सरकारच्या माफीत थकबाकीदारांची कर्जं गेली, आणि नियमित भरणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून थोडी रक्कम ठेवली. व्याजानं पैसे काढून नवं-जुनं करणारा शेतकरी नियमित भरणारा ठरला. ज्यानं काहीच केलं नाही त्याचं सुटलं. त्या काळात सोसायटीच्या ओट्यावर माझ्याशी लोक जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण माझी पुतणी. खराडीत एका कंपनीत काम करते, चांगला पगार आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा मोबाइल पुढं धरून म्हणाली, "काका, तुम्ही कर्जात आयुष्य घालवलंत, मला एवढं सांगा. एका कार्डावरची बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर फिरवायची म्हणतायत. बॅलन्स ट्रान्सफर. सहा महिने व्याज अगदी कमी. माझा सिबिल पडेल का?" मी म्हटलं, "म्हणजे नवं-जुनं करतेस." तिनं आधी तोंड वाकडं केलं. शेतकऱ्याच्या सोसायटीशी तिच्या कार्डाची सोयरीक जोडलेली तिला आवडली नाही.

पण सोयरीक आहेच. आपल्याकडं बँकेचं क्रेडिट कार्ड आलं १९८० मध्ये, सेंट्रल बँक ऑफ इंडियाचं. सिबिल ही कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी स्थापन झाली २००० साली, मुंबईत. २००४ पासून बँका एकमेकींच्या ग्राहकांच्या नोंदी तिच्यामार्फत बघू लागल्या, २००५ मध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि पत दाखवणारा ३०० ते ९०० मधला तो आकडा सामान्य माणसाला स्वतःचा स्वतः बघता यायला २०११ उजाडलं. आता अशा चार कंपन्या आहेत, पण लोक सगळ्यांनाच सिबिल म्हणतात. बाकी फिरवायची युक्ती अमेरिकेची. तिथं व्हर्जिनिया राज्यात रिचमंडच्या सिग्नेट बँकेत रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस या दोघांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाला 'तुमची बाकी आमच्याकडं आणा, व्याज कमी लावतो' असं पत्रानं बोलवायला सुरुवात केली. तोच धंदा पुढं १९९४ मध्ये कॅपिटल वन म्हणून वेगळा निघाला. सुप्याच्या सावकाराची खतं त्याच्या स्वतःच्याच पेढीवर बदलायची, इथं दुसऱ्याचं कूळ आपल्याकडं ओढायचं, एवढा फरक. त्यात कुळाचा फायदा होऊ शकतो, हे मान्य करायला हवं.

पुतणीच्या कार्डावर एक लाख वीस हजार बाकी होती, मर्यादा दीड लाखाची. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे वर्षाला ४२, आणि व्याजावर अठरा टक्के जीएसटी. ती दर महिन्याला 'किमान देय रक्कम' भरत होती आणि आपण नियमित आहोत अशा समाधानात होती. मी पाटीवर मांडून दाखवलं. लाखाला महिन्याचं व्याज ३,५००, त्यावर कर ६३०, मिळून ४,१३०. किमान म्हणून पाच हजार भरले तर मुद्दलातून गेले ८७०. बाकीचं खत पुढच्या महिन्यावर. शेतकऱ्याचं नवं खत तीन वर्षांनी व्हायचं, तिचं दर महिन्याला होत होतं, तेही अंगठ्याशिवाय. तेव्हा बाकी फिरवायला माझी हरकत नव्हती. सोसायटीतला माणूस असून मी हो म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं.

आकड्याचं काय होतं तेही सांगतो, कारण तिचा प्रश्न तोच होता. नव्या कार्डाचा अर्ज केला की ती बँक सिबिलकडं चौकशी करते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात उमटते. त्यानं आकडा थोडा खाली येतो. एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकले तर चार चौकशा दिसतात, आणि हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असा अर्थ निघतो. नवं खातं उघडलं की खात्यांचं सरासरी वय कमी होतं, त्यानंही थोडं नुकसान. हे दोन्ही काही महिन्यांत भरून निघतं. उलट बाजूला फायदा मोठा असू शकतो. तिची दीड लाखात एक लाख वीस हजार बाकी, म्हणजे मर्यादेच्या ८० टक्के वापर. हे जास्त धरलं जातं. नव्या कार्डाचीही मर्यादा दीड लाख मिळाली आणि जुनं चालू ठेवलं, तर एकूण तीन लाखांत एक वीस, म्हणजे ४० टक्के. पैसा तेवढाच, तरी पत सुधारलेली दिसते. हौसेनं जुनं कार्ड बंद केलं की पुन्हा ८० टक्के. खरी भीती हप्ता चुकण्याची. सिबिलच्या अहवालात छत्तीस महिन्यांचे रकाने असतात, वेळेत भरलं तर तिथं तीन शून्यं, उशीर झाला तर किती दिवस उशीर तो आकडा. ही तीन शून्यं सांभाळली तर बाकीचं सगळं किरकोळ आहे.

तिचा अहवाल आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचला. त्यात मी एक गोष्ट शोधत होतो आणि ती सापडली नाही. बाकी फिरवल्यावर जुन्या खात्यावर शून्य दिसणार, नव्यावर एक वीस दिसणार. पण हे कर्ज तिकडून इकडं आलंय, मुळात खरेदी केवढ्याची होती आणि त्यातलं व्याज किती, हे सांगणारा रकाना नाही. शून्य झालेलं खातं फेडीचंच दिसतं. आमच्या वसुलीच्या तक्त्यासारखंच. आणि नव्या बँकेकडं जाते ती रक्कम अख्खी मुद्दल म्हणून जाते, वर एक-दोन टक्के शुल्क, म्हणजे मनोती.

१८७९ च्या कायद्यानं न्यायाधीशाला खताच्या मागं जायला लावलं होतं. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घातलं गेलं. त्यानुसार व्याजदर फार आहे या कारणावरून बँक आणि ऋणको यांच्यातला व्यवहार कुठल्याही न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये निवाडा दिला होता की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, व्याजाचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे म्हणून. कायद्याच्या बाजूनं ते बरोबर असेल. पण इंग्रजांच्या राज्यात नगरच्या कुणब्याला जी चौकशी मागता येत होती, ती आज खराडीच्या इंजिनिअरला मागता येत नाही, हे मला खटकतं. सिबिलची छाया आता शेतकऱ्यावरही पडली आहे. पीककर्जाला सिबिलचा आग्रह धरू नका असं मुख्यमंत्र्यांना बँकर्सच्या बैठकांत पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, यावरूनच काय ते समजा.

पुतणीनं बाकी फिरवली. नव्या कार्डावर खरेदी करायची नाही एवढी अट मी घातली, कारण फिरवलेली बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत. एक वीस भागिले सहा, महिन्याला वीस हजार, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिले दोन महिने तिच्या आईनं पैसे दिले, हे तिनं मला नंतर सांगितलं.

तुम्हीही असं काही करणार असाल तर दोन कामं चुकवू नका. जुन्या बँकेकडून बाकी शून्य झाल्याचं लेखी घ्या, सोसायटीच्या बेबाकी दाखल्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. आणि महिन्याभरानं अहवाल काढा. चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळं फार थांबावं लागत नाही. जुन्या खात्यापुढं 'सेटल्ड' दिसलं, म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून दिली असा त्याचा अर्थ होतो, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे.